बियाण्याचा पट्टा

ज्वारीची काढणी सुरू झाली की माझ्या हातांना आधी कळतं. आमच्याकडे रब्बीची ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळांची माती झटकायची आणि पुढच्या ताटाकडे वळायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत माझ्या तळहातांची सालटं निघाली होती आणि मी ती घरोघर दाखवत फिरले होते. आता घट्टे पडलेत. यंदाही माघ सरता सरता रानात ती कोरडी धूळ उठली, पाचरटाचा गोडसर वास घरात आला, शाळेतली निम्मी बाकं रिकामी झाली. आणि दोन वर्षांपूर्वीची ती सुगी मला पुन्हा आठवली.

मी भिंगारची. वडील छावणीच्या कचेरीत कारकून, घर सरकारी, अंगण सिमेंटचं. मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. शेवगावच्या अलीकडच्या या गावात सून म्हणून आले आणि इथल्याच हायस्कूलमध्ये इतिहास-भूगोल शिकवायला लागले. सासूबाईंना इकडे ‘आत्या’ म्हणतात. आमच्या आत्या कमी बोलतात, मी जास्त बोलते. त्यामुळे घरात एकूण बोलणं बरोबर होतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

आमच्या एका शेताला पांढरी म्हणतात. चहूकडे काळं रान आणि मधेच हा राखट, भुरकट, जरासा उंच तुकडा. एखादं गाव शेकडो वर्षं बसून उठून गेलं की त्याच्या चुलींची, भिंतींची, राखेची मिळून अशी पांढरी माती होते, हे मी वर्गात शिकवते. गावाला ते शिकवावं लागत नाही. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर टाकायला पूर्वी लोक इथूनच गाड्या भरभरून माती न्यायचे. नांगर फिरला की खापरं वर येतात, तांबडी, काळ्या रेघांची. ती गोळा करून मी शाळेच्या कपाटात मांडली होती.

याच पांढरीत, उगवतीच्या बांधाला लागून, वीस-बावीस पावलं लांबीचा एक पट्टा आत्यांचा. बियाण्याचा पट्टा. तिथे ट्रॅक्टर घालायचा नाही, तिथली ज्वारी मजुरांनी उपटायची नाही. आत्या एकट्या तो पट्टा काढणार आणि त्यातली कणसं पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवणार. मी यावरून त्यांची फार थट्टा केली. ‘आमच्या आत्यांचं सोनं पिकतं तिथं,’ असं मजूर बायकांसमोर म्हणायचे. बायका हसायच्या. आत्याही हसायच्या.

नगरला शिक्षकांच्या एका शिबिरात सायली भेटली. तिशीतली, उन्हानं रापलेली मुलगी, जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणारी. मी पांढरीचं वर्णन केलं तर जेवता जेवता थांबली. ‘खणायचं नाही ताई,’ ती म्हणाली, ‘जमिनीला नखसुद्धा लावायचं नाही. यंत्र घेऊन नुसतं चालायचं. जिथे कधी चूल पेटली, भिंत पडली, खड्डा करून बुजवला, तिथल्या मातीचं चुंबकत्व वेगळं असतं. यंत्र ते टिपतं, आणि त्याचा नकाशा होतो. चालायचं मात्र गावानंच. आम्ही फक्त शिकवणार.’ मी तिथल्या तिथे हो म्हणाले. घरी विचारायचं असतं हे मला आठवलं ते तिची जीप दारात उभी राहिल्यावर.

पहिल्या दिवशी तिनं शाळेच्या हॉलमध्ये गावाला सगळं समजावून सांगितलं. तीन हजार वर्षांपूर्वी या भागात राहणारी माणसं, त्यांची गोल घरं, त्यांच्या कणग्या. ‘आणि घरातलं तान्हं मूल गेलं,’ ती म्हणाली, ‘तर ते लोक त्याला लांब नेत नसत. मडक्यात ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. तशी एखादी जागा इथे मिळाली ना, तर आमच्यासाठी ती सगळ्यात मोठी गोष्ट.’ तिचे डोळे चमकत होते. टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या. आत्या मागे दाराशी बायकांमध्ये बसल्या होत्या. मी वळून पाहिलं नाही.

सुरुवातीचे दोन दिवस आठवले की अजून हसू येतं. यंत्र म्हणजे आडव्या दांडीला दोन उभ्या नळ्या, आणि त्याला लोखंडाचं वावडं. म्हणून रानात शिरण्याआधी सायली प्रत्येकाला चुंबक लावून बघायची. पदराच्या पिना, केसांचे चाप, करदोट्याच्या किल्ल्या, पट्ट्यांची बक्कलं, सगळं एका पाटीत जमा. जोडव्यांवरून तंटा झाला. ‘जोडवी काडनार न्हाई, मशीन गेलं खड्ड्यात,’ असं एकीनं बजावलं. चांदीला काही होत नाही, असं सांगून सायलीनं चुंबक लावला, तर जोडवं टपकन चिकटलं. ती बाई नवऱ्याकडे वळली. ‘चांदीची म्हनला हुता न्हवं?’ नवरा जो गर्दीत शिरला तो दिवसभर दिसला नाही.

शेतात दोऱ्या ताणून रांगा पाडल्या होत्या. यंत्र ठरावीक वेळानं टिक वाजवायचं आणि प्रत्येक टिकेला एक सारखं पाऊल पडायला हवं. हे ऐकायला सोपं आहे. आमची तरणी पोरं भराभर पुढे जायची, बायका बोलत बोलत मागे राहायच्या, आणि संध्याकाळी नकाशावर सगळ्या रेघा नागमोडी. त्यात चारही कोपऱ्यांवर चार जबरदस्त काळे-पांढरे डाग उमटले. सायलीला वाटलं, भट्ट्या! ती नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात आमचे चुलतदीर बबनभाऊजी पुढे झाले आणि खाली बघत म्हणाले, ‘मॅडम, खिळं हायेत ते. भगताकडनं रान बांधून घेतलं म्यां. जुनं गाव, उगा काय उठायला नगं.’ चार कोपऱ्यांत वीतभर लांबीचे चार मंतरलेले खिळे. सायलीनं ते उपटायला लावले आणि दोन दिवसांचं काम पुन्हा केलं.

मग आम्ही उगवतीच्या बांधाशी आलो.

‘हितं न्हाई,’ आत्या म्हणाल्या. पट्टा त्यांनी आदल्याच दिवशी एकटीनं काढला होता. मोकळ्या मातीच्या कडेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

‘आत्या, वीस पावलांसाठी अडून काय बसता? तुमचं बियाणं यंत्र खाणार आहे का? पाहुण्यांसमोर बरं दिसतं का हे?’ हे मी सगळ्यांच्या देखत म्हणाले. माझा आवाज वर्गातला आवाज आहे, सगळ्या रानाला ऐकू गेला असणार.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बांधाच्या पलीकडे नेलं. ‘मशीन किती खोल बगतंय?’

‘असेल दोनेक हात.’

‘मंग दिसंल,’ आत्या म्हणाल्या. ‘माजी पोरगी हाय तिथं.’

मला आधी कळलंच नाही. आत्या माझ्याकडे न बघता, हातातलं ढेकूळ फोडत बोलत होत्या. ‘दत्तूच्या आदीची. सोळा दिसांची हुती. बारसंबी न्हवतं झालं. लहान लेकराला जाळत न्हाईत, तुज्या सासऱ्यानं हितं ठिवली. लिंबाचं झाड हुतं खुनंला. मंग वाटनी झाली, लिंब तोडला, बांध सरकला. नेमकं कुटं ते समजंना झालं. म्यां म्हनलं, मंग सगळाच पट्टा तिचा.’

दत्तू म्हणजे आमचे हे. त्यांना आपल्या आधी कुणी होतं हे ठाऊकच नव्हतं. गेलेल्या लेकराचं नाव काढलं की पाठीवरच्या लेकराला झळ लागते, म्हणून आत्यांच्या सासूनं त्यांना बोलायची बंदी केली होती. सासू जाऊन जमाना झाला, ह्यांचे केस पांढरे झाले, तरी बंदी चालूच. ‘तूबी बोलायचं न्हाई. दत्तूला तर न्हाईच. माज्या गळ्याची आन हाय.’

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी जिला सोनं म्हणून हसत होते ती ही होती. आणि जिची वाट बघत सायलीचे डोळे चमकत होते आणि मी टाळ्या वाजवत होते, तीही, म्हटलं तर, हीच होती.

सायलीला मी काहीतरी देवाधर्माचं कारण सांगितलं आणि पट्टा वगळायला लावला. ती शहाणी, खोदून विचारलं नाही. मीच न राहवून विचारलं, ‘समजा, फार जुना नाही, पन्नासेक वर्षांपूर्वीचा लहानसा खड्डा असेल, तर दिसतो?’ ‘दिसतो. कधी नाहीही दिसत,’ ती म्हणाली. ‘ठिपका उमटला तर तो कशाचा हे खणल्याशिवाय कळत नाही.’ ‘मग खणता?’ ‘परवानगी मिळाली तर आधी तिथंच.’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आत्या मात्र रोजच्यासारख्या दोन भाकरी जेवल्या आणि मला म्हणाल्या, ‘खा. शाळंत उभं ऱ्हायचं अस्तं तुला.’

पण वगळलेलं जास्त दिसतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सायलीनं तोवर झालेला नकाशा छापून शाळेच्या भिंतीवर लावला. करड्या रंगाचा मोठा कागद, आणि त्यात उगवतीला एक पांढरा कोरा तुकडा. लोक बाकी काही बघेनात. कोऱ्या तुकड्यापुढे उभं राहून कुजबुजायचे. ‘म्हातारी उगाच राखती व्हय? हंडा आसंल हंडा.’ ‘आरं, मास्तरीनबाई सोताच म्हनायच्या की, सोनं पिकतंय म्हून.’ हे मी वर्गाच्या खिडकीतून माझ्या कानांनी ऐकलं. जीभ चावून काय उपयोग? बोलून गेलेला शब्द गावभर फिरून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी पांढरीत गेले तर पट्ट्याच्या कोपऱ्यात खड्डा. गुडघाभर खोल, ताजा. कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत्या माझ्याआधी पोचल्या होत्या. खड्ड्यात उकिडव्या बसून बाहेर काढलेली माती हातानं आत लोटत होत्या, पण आधी प्रत्येक ढेकूळ फोडून, चाळून, बोटांनी चाचपून. रडत नव्हत्या. त्याचीच मला भीती वाटली. मीही खाली बसले. दोघींनी मिळून सगळी माती तपासली. मी काय शोधते आहे हे मला माहीत होतं आणि ते सापडू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते.

‘काय न्हाई गावलं त्येंला,’ अखेर आत्या म्हणाल्या. हात झटकून उठल्या. ‘आता रोज येक जन यील. सांग तुज्या मॅडमला, मशीन फिरवा म्हनावं. पर दुसऱ्या कुनाचा पाय पडू द्यायची न्हाई मी. मीच चालनार.’

‘आणि दिसली तर?’

‘दिसली तर तू हायेस न्हवं? तूच आनलंस त्येंला.’ हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सगळं गाव बांधावर जमलं होतं. पाखरं हाकलायलासुद्धा कुणी आपापल्या रानात गेलं नव्हतं. आत्यांनी कनवटीची किल्ली, डोक्यातला चाप काढून पाटीत टाकला. सायलीनं यंत्र त्यांच्या खांद्याला अडकवलं, टिक वाजली की पाऊल, असं पुन्हा एकदा समजावलं. आत्या निघाल्या आणि सायली माझ्याकडे बघतच राहिली. एक पाऊल मागे नाही, एक पुढे नाही. माझ्या मात्र लगेच लक्षात आलं. आत्यांनी आयुष्यभर पेरणीला चाड्यावर मूठ धरली आहे. बैल पाभर ओढत पुढे, आणि पाभरीच्या चाड्यात मुठीतून सारखं बी सोडत मागून चालणारी बाई. पाऊल चुकलं की कुठे बी दाट पडतं, कुठे पातळ, आणि ते पुढे चार महिने सगळ्या गावाला दिसतं. असं चालणं अंगात मुरलेली बाई यंत्राच्या टिकेला कशाला चुकते?

सात रांगा होत्या. दोरी सरकवायचं काम मी मागून घेतलं होतं. दरवेळी त्या माझ्या टोकाला यायच्या, वळायच्या, जायच्या. त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजत होत्या की तिच्याशी बोलत होत्या, मला कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. मधल्या कुठल्यातरी एका पावलाखाली ती असणार होती आणि ते पाऊल कुठलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सातवी रांग संपल्यावर आत्यांनी यंत्र उतरवलं आणि तिथेच मातीत बसकण मारली. कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, तोंडावर मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा आला. मावळतीकडे तीन गोल स्पष्ट दिसत होते, घरांचे. त्यातल्या दोन गोलांच्या आत लहान लहान काळे ठिपके. सायली एकदम हळू आवाजात बोलायला लागली, देवळात बोलावं तशी. माझी नजर उगवतीला. तिथे सपाट करडा रंग होता. ठिपका नाही, डाग नाही, काही नाही.

‘मंग सोनंबी न्हाई?’ बबनभाऊजींनी विचारलं.

‘काहीच नाही दादा.’

गाव हिरमुसून पांगलं. शाळेतून घरी जायला मला एरवी दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी अर्धा तास लागला. काहीच नाही याचा अर्थ काय? लहान आणि उथळ खड्डा यंत्राला दिसतोच असं नाही, हे सायलीनं सांगितलं होतं. पण बांध सरकवताना, पांढरीची माती गाड्या भरून नेताना ती कधीच निघून गेली असेल, असंही असू शकत होतं. कुणाच्या तरी घराच्या धाब्यावर. हा विचार मला सहन होईना. एक खोटं बोलावं, असं ठरवलं. सांगावं, दिसली, बांधापाशी आहे, नीट आहे, मॅडम हात लावणार नाहीत.

आत्या पडवीत बियाण्याची कणसं निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘दिसली का?’

खोटं ओठांवर आलं होतं. त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि ते बोलवलं नाही. ‘नाही आत्या. तिथे काहीच दिसत नाही.’

त्यांचे हात थांबले. हातातलं कणीस बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. कुनालाच दिसली न्हाई म्हंजी आता कुनी उठवायचं न्हाई तिला.’ आणि मी, जी बोलण्यात कुणाला हार जात नाही ती, दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडले. आत्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, ‘मावळतीला ठिपकं हायेत म्हनं. ती कुनाची?’

‘तीन हजार वर्षांपूर्वीची असतील, आत्या. ती माणसं कुठली हेही माहीत नाही.’

‘कुनाची तरी आसतीलच की,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा कणसं निवडायला लागल्या.

यंदा परवानगी आली. पांढरीच्या मावळतीला, त्या ठिपक्यांवरच, एक लहान चर खणायचा. शेत आत्यांच्या नावावर, म्हणून संमतीचा कागद त्यांच्यापुढे आला. दोन दिवस आत्या त्याला शिवल्या नाहीत. सायलीची माणसं शाळेत मुक्काम करून बसलेली. ज्वारी निघालेली, रान मोकळं, ऊन दिवसागणिक चढत चाललेलं. तिसऱ्या दिवशी रानातच ह्यांचा आवाज चढला. ‘आई, येक सही करायला काय व्हतंय तुला? लोकांनी किती थांबायचं?’ अगदी माझेच शब्द, माझाच सूर. मी गळ्याची आण गिळून उभी होते. ह्यांना गप्प कसं करावं ते सुचेना.

आत्यांनी कागद घेतला, सावकाश सही केली आणि सायलीला म्हणाल्या, ‘खना. पर ठिपक्यापशी याल तवा मला बोलवायचं. मी तिथं बसल्याबिगर मडक्याला हात लावायचा न्हाई.’

‘बोलावू ना. पण का हो आजी?’

‘त्येंच्या आया हितं न्हाईत. कुनीतरी आईमानूस नगं व्हय जवळ?’ मग त्या उगवतीकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाल्या, ‘माजीबी येक हाय तिकडं, पट्ट्यात. दत्तू, तुज्या आदीची. भैन तुजी.’

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं हे माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. ते वळले आणि सगळं रान तुडवत बांधाकडे गेले. पट्ट्यापाशी थबकले. लहानपणापासून ते तिथून हजारदा गेले असतील, मधून, आडवे, कसेही. आता चपला काढून कडेला उभे होते आणि पाऊल उचलत नव्हतं.

आत्यांनी इथूनच हाक दिली. ‘जा की रं. तुजा पाय लागल्यानं तिला काय हुत न्हाई. जा.’